गोळी शंकरनगरपर्यंत

मे महिन्यात भर दुपारी नागपुरात चॉकलेट विकत घेणारा माणूस एकतर परगावचा असतो किंवा मूर्ख. मी जन्मापासून इथलाच आहे.

भाचीचा वाढदिवस होता. सीताबर्डीवरच्या एका थंडगार दुकानातून सत्तर टक्के कोकोवाली, सोनेरी कागदातली वडी घेतली आणि स्कूटरच्या डिक्कीत टाकली. वाटेत बँकेत पाच मिनिटांचं काम होतं. बँकेतलं पाच मिनिटांचं काम किती वेळ चालतं ते सांगायला नको. घरी येऊन डिक्की उघडली, पाकीट उचललं, तर ते झोपलेल्या मांजरीसारखं मधोमध लवून बोटांच्या दोन्ही बाजूंनी खाली लोंबलं.

"फ्रीजमध्ये टाका," पेपरातून डोकं वर न काढता बायको म्हणाली. "खायचंच तर आहे. फोटो थोडीच काढायचा आहे त्याचा."

टाकलं. पाकीट एका कोपऱ्यात फुटलं होतं, म्हणून कूलरसमोर बसून बोटं चाटत राहिलो.

चॉकलेट तोंडात विरघळतं याचं जाहिरातवाल्यांना केवढं कौतुक! कोको बटर ३४ अंशांच्या आसपास वितळतं आणि माणसाच्या तोंडात ३७ असतात, एवढीच काय ती जादू. आमच्याकडे एप्रिल ते जून अख्खं गावच तोंड होऊन बसतं. २०१३च्या मे महिन्यात पारा ४७.९ वर गेला होता. त्या आठवड्यात चॉकलेट आमच्याकडे पन्हं आणि ताकाच्या रांगेत जाऊन बसलं असणार.

लहानपणी एकदा वडिलांच्या मित्रानं मुंबईहून विदर्भ एक्स्प्रेसनं चॉकलेट आणलं होतं. ते दादरला चपटं होतं आणि नागपूरला पोचलं तेव्हा गोल होतं. आईनं ते डब्यात घालून माठाशेजारी ओल्या फडक्यात ठेवलं. दोन दिवसांनी डबा उघडला तर त्यावर पांढरे डाग. "बुरशी आली," असा निकाल देऊन तिनं डबा उंच फळीवर ठेवला, बाईनं सकाळी टाकावा म्हणून. मी दुपारी स्टूल लावून सगळं खाल्लं. मग रात्रभर मरणाची वाट बघत जागा राहिलो, कारण बुरशी खाल्ल्यावर माणूस मरतो हे मला पक्कं ठाऊक होतं. मेलो नाही. सकाळी शाळेत जावं लागलं, याचं जास्त वाईट वाटलं. ते डाग म्हणजे चॉकलेटातली चरबी वितळून, वर येऊन पुन्हा गोठलेली असते, त्यानं काही होत नाही, हे कळायला पुढची वीस वर्षं गेली. तोवर मी स्वतःला थोडा अमर समजत होतो.

पण खरं चॉकलेट असं कधीमधीच. एरवी कागदात गुंडाळलेलं जे काही गोड असेल ते सगळं चॉकलेटच. लिमलेटची गोळी चॉकलेट, पेपरमिंट चॉकलेट, सुट्टे नाहीत म्हणून किराणावाला हातावर ठेवायचा तेही चॉकलेट. (ते आता बंद झालं. फोन दाखवला की सत्तेचाळीस रुपये म्हणजे बरोब्बर सत्तेचाळीसच जातात.) तान्ह्या पोळ्याला लाकडी नंदी ओढत घरोघर फिरायचं, दारात नंदीच्या पायावर पाणी पडायचं, त्याला ओवाळलं जायचं आणि आपल्या हातावर बोजारा. कुणी आठ आणे द्यायचं, कुणी मूठभर चॉकलेटं. संध्याकाळी ओट्यावर ढीग ओतून बाजार भरायचा. एका किसमीला दोन संत्र्याच्या गोळ्या, हा भाव ठरलेला. लाल कागद, वेलचीचा वास, किसमीचा मान मोठा. रावळगावच्या दोन असतील तर भाव बोलून ठरायचा. नाशिक जिल्ह्यात उद्योगपती वालचंद हिराचंदांनी १९३३ साली साखर कारखाना काढला ते हे गाव. आम्हाला ते भूगोलाच्या पुस्तकात भेटलं नाही, गोळीच्या कागदावर भेटलं. पॉपिन्सची नळी कुणी फोडून द्यायचं नाही. ती स्थावर मालमत्ता.

या बाजारात माझा नेहमी तोटा व्हायचा. कारण सौदा चालू असतानाच माझं भांडवल कडाकडा संपत जायचं. जगात चघळणारे असतात आणि चावणारे असतात, आणि मी चावणारा आहे. गोळी जिभेवर आली, दोनदा या गालातून त्या गालात गेली की दाढेला राहवत नाही. कड्‌कन. उजव्या दाढेत आजवर तीनदा सिमेंट भरलंय. डॉक्टर दर वेळी विचारतात, "सुपारी खाता का?" मी "हो" म्हणतो. पन्नाशीच्या माणसानं लिमलेट म्हणणं बरं दिसत नाही.

आजी चघळणारी. तशी चघळणारी मी पुन्हा पाहिली नाही. महिन्यातून एकदा ती इतवारीत सामान भरायला जायची, डाळ-गूळ-खोबरं असं घाऊक, आणि पिशव्या सांभाळायला मला न्यायची. परतताना सायकलरिक्षा हलला की कमरेचा बटवा सुटायचा. एक लिमलेट तिच्या तोंडात, एक माझ्या. माझी सेंट्रल अव्हेन्यू लागायच्या आधीच संपलेली असायची. मग स्टेशन, सीताबर्डी, झाशी राणी चौक, सगळा रस्ता मी तिच्या गालाकडे बघत काढायचो. शंकरनगरला घराच्या फाटकाशी रिक्षा थांबला की ती माझ्याकडे वळून जीभ बाहेर काढायची. जिभेवर चंद्रकोरीएवढी नारिंगी गोळी, अजून शिल्लक.

"पाह्य बाबू. तुही कुठं गेली?"

"संपली."

"काऊन? कोनी मांगं लागलं होतं काय तुह्या?"

मी सराव करायचो. गोळी टाळूला चिकटवून ठेवायची, जिभेखाली दडवायची, मनातल्या मनात पाढे म्हणायचे. एकोणतीसच्या पाढ्यात कड्‌कन.

एका दुपारी ती घोरत असताना मी चार आण्यांसाठी तिचा बटवा उघडला. सुपारीचा चुरा, दोन लवंगा, कुणीतरी दिलेली कसलीशी पुडी, आणि तळाशी नीट चार घड्या घातलेला गोळीचा कागद. उघडला. आत अर्धी चघळलेली लिमलेट. कडेला सुपारीचा कण चिकटलेला.

म्हणजे इतकी वर्षं ती गोळी इतवारीत तोंडात जायची, मी स्टेशनवरचे इंजिनाचे आवाज ऐकत दुसरीकडे बघितलं की बाहेर यायची, कागदात जाऊन बसायची आणि शंकरनगरच्या वळणावर पुन्हा आत. काय सांगावं, एकच गोळी दोन-दोन महिने चालत असेल. मला राग यायला हवा होता. पण आधी ती गोळी खाल्ली. लवंगेचा वास येत होता. अर्थात चावूनच खाल्ली.

संध्याकाळी तिनं बटवा चाचपला, माझ्याकडे पाहिलं, मी छताकडे पाहिलं. दोघांकडेही बोलण्यासारखं काही नव्हतं.

तिच्या माहेरी, काटोलकडे, फाल्गुनात गहू निघाला की मात्र माझ्या दातांना मान मिळायचा. मूठभर कोरडे गहू तोंडात कोंबायचे आणि चावत सुटायचं. आधी पिठूळ दूध सुटतं, ते गिळत जायचं. मग कोंडा लागतो, तो थुंकायचा. दहाएक मिनिटांनी पीठ सगळं वाहून जातं आणि गव्हातला चिकटपणा तेवढा तोंडात उरतो, गोळा होऊन. हे आमचं चिंगम. शहरातल्यासारखा त्याचा फुगा होत नाही आणि चवही शेवटी काही उरत नाही, पण ते स्वतःच्या दातांनी कमावलेलं असतं. शिवाय गिळलं तर आतडी चिकटतात ही धमकी याला लागू नव्हती. मावसभावानं एकदा बाजारातलं चिंगम झोपताना उशीवर काढून ठेवलं आणि सकाळी ते बहिणीच्या वेणीत निघालं. आजीनं खोबरेल तेल चोळत तासभर ती वेणी सोडवली. तेव्हाही तिच्या गालात काहीतरी होतं.

हाच उतावळेपणा मी मोठेपणी स्वयंपाकघरातही नेला. गेल्या हिवाळ्यात, आंबिया बहाराची संत्री स्वस्त झाली होती तेव्हा, डोक्यात आलं की संत्रा बर्फी घरी का करू नये. दुकानातून आणायला सोपी असते आणि म्हणूनच तिच्यात काही पराक्रम नाही. रीत साधी आहे: फोडींवरची सालं, शिरा, बिया काढून गर साखरेत आटवायचा, खवा वेगळा परतायचा आणि दोन्ही कोरडे होत आले की एकत्र आणायचे. मी दूध आटत ठेवलं, अर्ध्या तासात कंटाळलो आणि उकळत्या दुधात ताज्या संत्र्यांचा पेलाभर रस ओतला. क्षणभर फार सुंदर रंग आला. पुढच्या क्षणी पातेल्यात हिरवट पाणी आणि त्यावर तरंगणारे गोळे.

बायकोनं डोकावून पाहिलं. "पनीर करून राहिले काय?"

मी ते गोळे साखरेत परतले. रस काढताना फोडींबरोबर पांढऱ्या शिराही वाटल्या गेल्या होत्या, त्यामुळे गोडाच्या मागून कडवटपणा आला तो घशात तळ ठोकून बसला. नागपुरी संत्र्याला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालंय. ते परत घेतलं जाऊ नये म्हणून मी ताट शेजाऱ्यांकडे पाठवलं नाही. चार दिवसांत एकट्यानं संपवलं. वाईट झालेलं गोड फेकून देणारी माणसं मला समजत नाहीत. पुरणपोळी करपली तर मध्ये भोक पाडून त्यात तूप ओतायचं, ही आमच्याकडची रीत. आणि करपली नाही तरी ओतायचंच.

हे सगळं कूलरसमोर बोटं चाटताना आठवलं, आणि त्या रविवारी मी इतवारी गाठली. स्कूटर न नेता, ऊन फार. घाऊक दुकानात लिमलेटच्या गोळ्या मागितल्या. "किती पुडे?" शेट म्हणाले. "पाच गोळ्या," म्हटलं. त्यांनी चष्म्यावरून बघितलं. पुडा घेतला.

अग्रसेन चौकात मेट्रोत बसलो. आत काही खाऊ-पिऊ नये अशी सूचना असते, पण गोळी नुसती गालात ठेवणं खाण्यात मोडतं का, हा मुद्दा मी माझ्या बाजूनं निकाली काढला. दार मिटलं, गोळी तोंडात टाकली, कागद खिशात ठेवला. रस्ता तोच आहे, फक्त आता तो खांबांवरून वरून जातो. दोसर वैश्य चौक येईपर्यंत उत्तम. टाळूला चिकटवली होती. रेल्वे स्टेशनला बरीच माणसं चढली, आणि मनात आलं की आता कुणाचं लक्ष नाही. हात खिशातल्या कागदावर गेलाही. समोर एक आजीबाई पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या, त्या सरळ माझ्याकडे बघत होत्या. हात परत घेतला.

कॉटन मार्केट यायच्या आत कड्‌कन. एवढ्या जोरात की आजीबाईंच्या शेजारचा पोरगा दचकला.

शंकरनगरला उतरलो तोवर आणखी दोन झाल्या होत्या. घरी आलो तर फ्रीजमधलं चॉकलेट तसंच होतं. भाचीला पैसे देऊन मोकळे झालो होतो. त्यावर पांढरे डाग आले होते आणि आकार फ्रीजच्या जाळीचा. कोपरा मोडून तोंडात टाकला, दुसरा बायकोला दिला. तिनं तो गालात ठेवला आणि पेपर वाचत राहिली.

पुडा वरच्या फळीवर आहे. स्टूल आता लागत नाही.