हात बधिर होतो, पण नेमके कुठले बोट?

कार्पल टनेल सिंड्रोमचा, म्हणजे मनगटात नस दबून हात बधिर होण्याच्या आजाराचा, रुग्ण तपासणीला येतो तेव्हा त्याचा हात बहुतेक वेळा शांत असतो. त्रास झालेला असतो तो रात्री झोप मोडून, किंवा फोंड्याहून पणजीला स्कूटरने जाताना, किंवा विळीवर मासळी कापत असताना. सकाळी अकरा वाजता खुर्चीत बसलेल्या माणसाच्या हातावर, आजार फार पुढे गेलेला नसेल तर, डोळ्यांना दिसण्यासारखे काही नसते. म्हणून या आजारात रुग्णाने सांगितलेली हकीकत हाच निदानाचा आणि पुढच्या उपचारांचा मोठा आधार असतो, आणि ती हकीकत एका ठरावीक रीतीने, दोन भेटींची तुलना करता येईल अशी, नोंदवण्यासाठी प्रश्नावली वापरल्या जातात. फोंडा परिसरात फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करताना या प्रश्नावली रोज हाताळाव्या लागतात, आणि त्यातून माझे एक मत पक्के झाले आहे: प्रश्न स्पष्ट आहे की नाही हे तो लिहिणाऱ्याला ठरवता येत नाही, तो वाचणाऱ्याला काय समजले हे शांतपणे विचारून घेतल्यावरच ते ठरते.

आधी थोडे शरीराविषयी, कारण चांगला प्रश्न तिथूनच निघतो. मनगटाच्या तळव्याकडील बाजूला लहान हाडांची कमान आणि तिच्यावरून आडवा गेलेला एक जाड पट्टा यांच्यामध्ये अरुंद बोगदा असतो. त्यातून बोटे मिटवणाऱ्या नऊ कंडरा (स्नायूंना हाडांशी जोडणारे दोर) आणि मीडियन नर्व्ह ही नस जाते. बोगद्यातला दाब वाढला की त्रास सर्वांत आधी नसेला होतो, आणि ही नस ज्या भागाला संवेदना पुरवते तिथे, म्हणजे अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेची अंगठ्याकडील अर्धी बाजू इथे मुंग्या येतात किंवा बधिरपणा येतो. करंगळी या नसेकडे नसते, ती अल्नर नसेकडे असते. अंगठ्याच्या बुडाशी असलेल्या तळव्याच्या त्वचेला जाणारी मीडियन नसेची शाखा बोगद्याच्या बाहेरून जाते, त्यामुळे तो भागही सहसा वाचतो. इतके ध्यानात घेतले की ‘तुमचा हात बधिर होतो का?’ हा प्रश्न किती अपुरा आहे ते कळते. मानेच्या मणक्यापाशी नस दबलेला, मधुमेहाने दोन्ही हातांच्या नसा बिघडलेला आणि कार्पल टनेलचा, असे तिन्ही रुग्ण त्याला ‘हो’ असेच उत्तर देतील.

स्पष्टतेचा पहिला मुद्दा शब्दांचा नसून हेतूचा आहे, आणि तोच सर्वाधिक दुर्लक्षित राहतो असे मला वाटते. जगभर सर्वांत जास्त वापरली जाणारी बॉस्टन प्रश्नावली 1993 साली प्रसिद्ध झाली. तिच्यात लक्षणांचे अकरा प्रश्न आणि हाताच्या कामांचे आठ प्रश्न आहेत. प्रत्येकाला एक ते पाच गुण (जास्त गुण म्हणजे जास्त त्रास) आणि दोन्ही भागांची सरासरी वेगवेगळी. ती बनवली गेली आजाराची तीव्रता आणि उपचारानंतरचा फरक मोजण्यासाठी, निदान करण्यासाठी नव्हे. म्हणूनच त्रास कुठल्या बोटात आहे हे ती विचारत नाही. ते काम हाताच्या आकृतीचे. 1990 साली कॅट्झ आणि स्टिरॅट या संशोधकांनी मांडलेल्या पद्धतीत रुग्ण स्वतः आकृतीवर आपला त्रास रेखाटतो आणि त्या रेखाटनावरून कार्पल टनेलची शक्यता किती हे ठरवले जाते. बॉस्टनचे गुण जास्त आले म्हणजे निदान झाले असे कोणी समजत असेल, तर प्रश्नांची भाषा कितीही सुधारली तरी उपयोग नाही. रुग्णालाही हा कागद कशासाठी भरायचा आहे हे वरच्या दोन ओळींत सांगितले पाहिजे. शस्त्रक्रिया ठरवण्यासाठी कागद भरला जातो आहे असे वाटले की माणूस एक उत्तर देतो, औषध बदलण्यासाठी आहे असे वाटले की दुसरे.

गोव्यात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. इथल्या पुष्कळ घरांत बोलणे कोकणीत आणि वाचन मराठीत चालते. प्रश्नावली इंग्रजीत असली की नर्स किंवा सोबत आलेली सून ती जागच्या जागी सांगते, आणि प्रत्येक जण आपल्या परीने सांगतो. एकाच रुग्णाला जानेवारीत एकीने ‘दुखते का’ असे विचारले आणि एप्रिलमध्ये दुसरीने ‘त्रास होतो का’ असे विचारले, तर दोन वेळच्या गुणांतला फरक उपचाराचा की विचारणाऱ्याचा, हे सांगता येत नाही. लिखित मराठी प्रश्नावली हवी ती एवढ्यासाठी, आणि ती वाचून दाखवायची असेल तर छापील वाक्य जसेच्या तसे वाचावे, हा नियमही हवा.

मूळ प्रश्नावलीत वेदना, बधिरपणा, मुंग्या आणि अशक्तपणा यांचे प्रश्न वेगळे आहेत, आणि ते वेगळेच राहिले पाहिजेत. आपल्याकडे बहुतेक माणसे या चारही गोष्टींना ‘हात दुखतो’ म्हणतात. ‘बधिरता’ हा शब्द कागदावर शुद्ध दिसतो, पण त्याने काम होत नाही. ‘बोटाला स्पर्श केलेला कमी कळतो का, नाणे किंवा बटण हातात आहे हे न बघता कळते का’ असे विचारले की उत्तर लगेच आणि खात्रीने येते. मुंग्यांसाठी ‘मुंग्या येतात’ हेच पुरेसे आहे. मूळ प्रश्नावलीतही रात्रीचे दोन प्रश्न बधिरपणा आणि मुंग्या यांना एकत्र घेतात, आणि रुग्ण नेमका तिथेच अडखळतो: मुंग्या नाहीत पण बधिरपणा आहे, तर खूण कुठे करायची? अशा प्रश्नाच्या वर ‘दोन्हींपैकी एक असले तरी चालेल’ एवढे लिहिले तर गोंधळ मिटतो.

रात्री जाग येण्याचा प्रश्न या आजारात फार मोलाचा आहे. बॉस्टन प्रश्नावली तिथे ‘कधीकधी’ किंवा ‘वारंवार’ असे सैल शब्द न वापरता आकडे विचारते: एकदा, दोन-तीनदा, चार-पाचदा, पाचपेक्षा अधिक. ही तिची ताकद आहे. तरीही मधुमेह असलेली आजी रात्रीतून चारदा उठते ती लघवीसाठी, आणि उठल्यावर हात जड वाटला की चारही वेळची जाग हाताच्या खात्यात मांडते. ‘हाताच्या त्रासामुळेच जाग आली’ यातला ‘मुळेच’ ठळक छापावा, आणि वाचून दाखवताना त्यावर जोर द्यावा. जाग आल्यावर तुम्ही काय करता, हा प्रश्नही मी नेहमी विचारते. हात झटकल्यावर बरे वाटते असे कोणी सांगितले, आणि सांगतानाच हात झटकून दाखवला, तर ती खूण महत्त्वाची मानली जाते. 1984 पासून ती वैद्यकीय लेखनात नोंदलेली आहे.

कामांच्या आठ प्रश्नांत लिहिणे, कपड्यांची बटणे लावणे, वाचताना पुस्तक धरणे, टेलिफोनचा रिसीव्हर धरणे, बरणीचे झाकण उघडणे, घरकाम, बाजाराच्या पिशव्या उचलणे, अंघोळ व कपडे घालणे ही कामे येतात. सत्तर वर्षांच्या आसपासच्या, कधी फारसे न लिहिलेल्या आणि साडी नेसणाऱ्या काकींसाठी यांतली दोन-तीन कामे अस्तित्वातच नाहीत. त्या प्रश्नासमोर त्या ‘अडचण नाही’ अशी खूण करतात, कारण काम करतच नाहीत तर अडचण कुठली, हे त्यांचे उत्तर त्यांच्या दृष्टीने अगदी बरोबर असते. गुणांत मात्र त्यांचा हात निरोगी ठरतो. ‘मी हे काम करत नाही’ असा स्वतंत्र पर्याय असलाच पाहिजे, आणि त्याला गुण न देता तो सरासरीतून वगळला पाहिजे. इथल्या हातांना कार्पल टनेल कुठे अडवतो ते मला रोज दिसते: नारळ खवताना, ओले कपडे पिळताना, विहिरीतून कळशी ओढताना, काजूगर सोलताना, मंदिराबाहेर अबोलीच्या फाती गुंफताना, आणि मोटरसायकल पायलटांना, म्हणजे दुचाकीवरून भाड्याने प्रवासी नेणाऱ्यांना, तासन्‌तास हँडल धरताना. यांतली कामे प्रश्नावलीत यावीत असे मला मनापासून वाटते. पण कोणीही आपल्या दवाखान्यात बसून ‘रिसीव्हर’ खोडून ‘खवणी’ लिहावे, असा याचा अर्थ नाही. प्रमाणित प्रश्नावलीतला प्रश्न बदलला की तिचे गुण जगातल्या इतर गुणांशी ताडून पाहता येत नाहीत. बदल करायचा तर रीतसर करावा, किंवा स्थानिक कामांचे प्रश्न वेगळ्या पानावर ठेवून त्यांचे गुण मूळ गुणांत मिसळू नयेत. तूर्त दुसरा मार्ग मला अधिक प्रामाणिक वाटतो.

कालावधीचेही तसेच. मूळ सूचना मागच्या दोन आठवड्यांतल्या एखाद्या नेहमीच्या दिवसाविषयी विचारते. चतुर्थीच्या आधीचे दोन आठवडे गोव्यातल्या कुठल्या बाईसाठी नेहमीचे असतात? घराची साफसफाई, नेवऱ्या, माटोळीची तयारी यांत हात दिवसभर राबतो, आणि त्या वेळचे गुण वाढलेले असतात. अशा वेळी भरलेल्या कागदावर ‘या दिवसांत नेहमीपेक्षा जास्त काम होते का’ एवढी एक नोंद असली, तर तीन महिन्यांनी कमी झालेल्या गुणांचे श्रेय आपण डोळे मिटून स्प्लिंटला, म्हणजे मनगट स्थिर ठेवणाऱ्या पट्टीला, देणार नाही.

सर्वांत गंभीर गफलत मात्र आजार वाढल्यावर होते. नस दीर्घकाळ दबून राहिली की मुंग्या आणि वेदना कधीकधी कमी होतात, झोप मोडेनाशी होते आणि मागे उरतो तो दिवसरात्र टिकणारा बधिरपणा. अंगठ्याच्या बुडाचा मांसल उंचवटा सपाट होऊ लागतो. रुग्ण समाधानाने ‘आता रात्री जाग येत नाही’ अशी खूण करतो आणि त्या प्रश्नांचे गुण सुधारलेले दिसतात, तर हात प्रत्यक्षात बिघडत असतो. यासाठी ‘बधिरपणा येतो आणि जातो, की सतत असतो?’ हा साधा प्रश्न प्रत्येक कागदावर हवा असे माझे ठाम मत आहे. ‘सतत’ असे उत्तर आले तर एकूण गुण न बघता त्या रुग्णाला तज्ज्ञाकडे आणि नर्व्ह कंडक्शन टेस्टसाठी (नसेतून संदेश किती वेगाने जातो याच्या तपासणीसाठी) लवकर पाठवावे.

आकृतीच्या बाबतीत दोन छोट्या सुधारणा पुष्कळ काम करतात. छापील चित्रात तळवा आणि हाताची मागची बाजू शेजारी असल्या की डावा कोणता आणि उजवा कोणता यात वयस्कर माणसे हटकून फसतात. म्हणून रुग्णाचा हात कागदावर त्याच बाजूने ठेवून घ्यावा आणि मग खूण करायला सांगावे. दुसरे म्हणजे दोन्ही हातांसाठी वेगळी आकृती आणि वेगळे रकाने असावेत, कारण हा आजार अनेकांना दोन्ही हातांत असतो आणि एकच रकाना असला की माणूस जास्त दुखणाऱ्या हाताचे, किंवा दोन्हींचे मिळून काहीतरी मधले उत्तर देतो.

प्रश्नावली दुसऱ्या भाषेत आणण्याची मान्य रीत 2000 सालापासून बरीच स्थिरावली आहे: दोघांनी स्वतंत्रपणे भाषांतर करायचे, ती दोन्ही जुळवायची, मूळ न पाहिलेल्यांनी ते पुन्हा मूळ भाषेत न्यायचे, तज्ज्ञांनी एकत्र बसून फरक सोडवायचे, आणि शेवटी तीस ते चाळीस लोकांवर ते तपासायचे. या शेवटच्या पायरीला सर्वांत कमी वेळ दिला जातो. तिथे कागद भरून घेणे पुरेसे नसते. प्रत्येक उत्तरानंतर ‘हे उत्तर कसे ठरवले, मनात काय आले’ असे विचारावे लागते. ‘मध्यम’ आणि ‘तीव्र’ यांत माणसाने काय फरक केला, तो फरक शेजारच्या रुग्णाने केला त्याच्याशी जुळतो का, हे त्याशिवाय बाहेर येत नाही. गोव्यात अशी तपासणी करायची तर ती केवळ बांबोळीच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात आणि पणजीत न होता सत्तरी, डिचोली आणि पेडणे या तालुक्यांतही व्हावी, शाळा कमी शिकलेल्यांचा तिच्यात निम्मा वाटा असावा, आणि सोबतच्या नातेवाइकाला त्या वेळी बाहेर बसवावे, कारण सून शेजारी असली की सासू घरकामाच्या प्रश्नाचे उत्तर तिच्याकडे बघून देते.