लाइट नाही, आणि घराच्या खुणा

१२ जुलै २०२४, शुक्रवार रात्र, ह्यूस्टन

आमच्या गल्लीत अजून लाइट नाही. सोमवारी पहाटे बेरिल येऊन गेलं. म्हणायला कॅटेगरी एकचंच वादळ, पण २२ लाखांवर कनेक्शनं बंद पडली आणि त्यावर हा जुलैचा उकाडा, घरात बसवतच नाही. मग संध्याकाळी सगळेच ड्राइव्हवेवर खुर्च्या टाकून बसतात. फोन गाडीत चार्ज करायचा आणि पुरवून वापरायचा, म्हणून आज वहीत लिहितेय, टॉर्च खांद्यावर धरून.

शेजारच्या आजींशी तीन वर्षांत हाय-हॅलोच्या पुढे गाडी गेली नव्हती. सोमवारी संध्याकाळी त्या स्वतःच भांडं घेऊन आल्या, गॅस चालू होता म्हणून लाल बीन्स आणि भात केला होता. मूळच्या न्यू ऑर्लीन्सच्या. तिकडे सोमवारी हेच करतात म्हणे, पूर्वी सोमवार धुण्याचा वार असायचा, बायका कपडे धुवायच्या आणि बीन्स मंद आचेवर दिवसभर शिजत राहायचे. मी म्हटलं आमच्याकडे वालाचं बिरडं असतं, भिजवा, मोड आणा, मग एकेक सोलत बसा. त्यांना ते सोलणं फार आवडलं. मग एकदम शांत झाल्या आणि म्हणाल्या, बेबी, कॅटरिना पण सोमवारीच आलं होतं. (त्या सगळ्यांनाच बेबी म्हणतात, मला छान वाटतं.)

२९ ऑगस्ट २००५. आदल्या दिवशी, रविवारी, त्या निघाल्या, तीन दिवसांचे कपडे आणि आईची औषधं घेऊन. ह्यूस्टनपर्यंतचा पाच-सहा तासांचा रस्ता, त्या दिवशी कितीतरी पट वेळ लागला. आणि वादळ तर गेलं हो, बुडालो ते भिंती फुटल्यामुळे, हे त्या आजही हात आपटून सांगतात. कालव्यांच्या कडेच्या पूरभिंती फुटल्या आणि शहराचा ८० टक्के भाग पाण्याखाली गेला, आणि ते पाणी काही दोन दिवसांत ओसरलं नाही, आठवडे लागले. त्यांचं घर न्यू ऑर्लीन्सच्या जेन्टिली भागात, लंडन अव्हेन्यू कालव्यापासून जवळ.

ऑक्टोबरात पहिल्यांदा घर बघायला गेल्या आणि स्वतःच्या गल्लीचं वळण चुकल्या. चाळीस वर्षं राहिलेली बाई! पाट्या पडलेल्या, गवत, झुडपं, कुंपणं सगळं एकाच राखाडी रंगाचं, कोपऱ्यावरचं मॅग्नोलियाचं झाड वाळून गेलेलं, आणि तेच तर वळण होतं त्यांचं. प्रत्येक घरावर पाण्याची तपकिरी रेघ. दारावर शोधपथकानं स्प्रेनं मारलेली फुली, तिच्या एका खणात तारीख, एकात पथकाचं नाव, आणि खालच्या खणात आत किती मेलेली माणसं सापडली तो आकडा. त्यांच्या दारावर शून्य होतं. दोन घरं सोडून पलीकडे शून्य नव्हतं. इथे त्या थांबल्या, मीही पुढे विचारलं नाही.

रस्त्याच्या कडेला टेप गुंडाळलेल्या फ्रिजांची रांग, दार उघडायची कोणाची हिंमत नाही असा वास. २००७ मध्ये त्या परत राहायला गेल्या, आधी सरकारी ट्रेलरमध्ये, मग घरात. पाच वर्षं काढली. पण गल्लीतल्या बारा घरांपैकी चारच परत आली होती, आई गेली, आणि २०१२ ला पुन्हा इथेच आल्या. २००० साली शहरात ४ लाख ८४ हजार माणसं होती, २०२० ला ३ लाख ८४ हजार. त्या एक लाखात मी पण एक गं, म्हणाल्या. अर्थात त्यांनी गं म्हटलं नाही, मला तसं ऐकू आलं.

मग मी श्रीवर्धनचं सांगितलं. ३ जून २०२०, निसर्ग चक्रीवादळ. आम्ही इकडे, लॉकडाऊन, विमानं बंद, आणि आई-बाबांचा फोन पाच दिवस लागला नाही. तो लागला तेव्हा बाबा एवढंच म्हणाले, आम्ही दोघं बरी आहोत, वाडी गेली. आमची नारळी-पोफळीची वाडी, रोठा सुपारी, आजोबांनी लावलेली. पोफळी उंच आणि बारीक, वाऱ्यानं मधूनच मोडल्या आणि एकमेकींवर आडव्या झाल्या. ओटीवरचे पत्रे शेजारच्या विहिरीत.

मला जायला डिसेंबर २०२२ उजाडला. रिक्षावाल्याला मी आमच्या पाखाडीच्या, म्हणजे दगडी पायवाटेच्या, पुढे नेलं, कळलंच नाही. उजेड होता हो तिथे! जिथे भर दुपारी गार अंधार असायचा तिथे लख्ख ऊन. माहेरी पोचले आणि अंगणात उभी राहून रडले ते घरासाठी नाही, त्या उन्हासाठी. बाबांनी नवीन रोपं लावलीत, मध्येमध्ये केळी सावलीला, ७४ व्या वर्षी. पोफळीला धरायला पाच-सहा वर्षं तरी लागतात, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहितीय.

आजी हे ऐकून आत गेल्या आणि एक जुना लिफाफा घेऊन आल्या. मागे त्यांची गल्ली काढलेली, बारा चौकोन, प्रत्येकात आडनाव, कोणाकडे कुत्रा, कोणाकडे पियानो, मॅग्नोलियाला हिरवा गोल. म्हणाल्या, विसरायच्या आत तू पण काढ.

आत्ता तेच करतेय. पाखाडी काढली, विहीर, पाट, काकूंचं घर, आमचा बेडा, तिथपर्यंत ठीक. विहीर आणि काकूंच्या घरामध्ये काहीतरी होतं, मोठं, आणि मला आठवेना म्हणजे आठवेनाच. अकरा टक्के बॅटरीत बाबांना फोन लावला, तिकडे सकाळ, ते शिंपण्याचे पाइप आवरत होते.

"अगं फणस नव्हता का तिथे," बाबा म्हणाले. "तुझा झोपाळा त्यालाच तर होता."