तुम्ही विचारलंत म्हणून: काइटच्या लाइन्स कधी बदलायच्या?

गोव्यातल्या मोरजीला फेब्रुवारीत वारा धरायला लागला की हा प्रश्न मला हमखास येतो: "काइटसर्फिंगच्या लाइन्स किती वर्षांनी बदलायच्या?" विचारणारे बहुधा पुण्या-मुंबईहून शनिवार-रविवार साधून आलेले असतात. काइट, म्हणजे पाण्यावरून ओढून नेणारा मोठा पतंग, बऱ्यापैकी नवी असते. बार, म्हणजे हातात धरायचा दांडा, मात्र जुना, कुणाकडून तरी घेतलेला. या दोघांना जोडणाऱ्या चार लांब दोऱ्या म्हणजे लाइन्स. दरवेळी किनाऱ्यावर उभ्याउभ्या अर्धवट उत्तर देण्यापेक्षा एकदा सगळं नीट लिहून ठेवते.

माझं उत्तर वर्षांत बसत नाही. त्याच त्या लाइन्स एखाद्याकडे चार हंगाम छान चालतात, आणि रोज नवशिक्यांना शिकवणाऱ्याच्या बारवर एका हंगामातच संपतात. वाळूतून किती ओढल्या गेल्या, उन्हात किती पडून राहिल्या, काइट पाण्यावर आपटून किती वेळा हिसका बसला, दुसऱ्या कुणाच्या लाइनला कितीदा घासल्या, यावर त्यांचं वय ठरतं. आणि मुख्य म्हणजे, लाइन तुटण्याची वाट बघायची नाही. तुटण्याच्या पुष्कळ आधी तिचं माप बिघडतं, आणि माप बिघडलं की काइट बिघडते. ते माप परत जुळवता येत नसेल, तर लाइन्स बदलायची वेळ झालेली आहे, मग त्या दिसायला कितीही धडधाकट असोत.

मोरजीसारख्या ठिकाणी हे विशेष जाणवतं. इथला वारा दुपारी समुद्रावरून येणारा, वायव्येकडचा. बऱ्याचदा 12 ते 15 नॉटच्या आसपास, म्हणजे काइटसाठी हलकाच, त्यामुळे मोठी काइट काढावी लागते. एवढ्या वाऱ्यात मोठी काइट नीट उडायची तर चारही लाइन्सचं माप चोख लागतं. जोरदार वाऱ्यात दोन-तीन सेंटिमीटरचा फरक खपून जातो, कारण वारा काइटला धरून ठेवतो. हलक्या वाऱ्यात तोच फरक काइट मागे पाडतो. काइट डोक्यावर आणली की ती पुढे सरकायच्या ऐवजी मागच्या कडेवर बसते आणि उलटी, पाठीवर पडत खाली येते. मग माणूस म्हणतो वारा कमी आहे, काइट जड आहे, आपल्यालाच जमत नाही. पुष्कळ वेळा दोष लाइन्सचा असतो.

असं का होतं? काइटच्या ओढीचा बराचसा भार दोन फ्रंट, म्हणजे पुढच्या लाइन्सवर असतो. कमरेला बांधलेल्या पट्ट्याला, म्हणजे हार्नेसला जोडलेल्या त्याच. त्या ताणाखाली हळूहळू लांबतात. बॅक, म्हणजे मागच्या लाइन्सवर भार कमी असतो, पण त्या विणीत बारीक वाळू आणि मीठ बसत जातं. वीण फुगते, आणि विणलेली दोरी फुगली की आखूड होते. म्हणजे पुढच्या लांबल्या, मागच्या आखडल्या. दोन्ही गोष्टी एकाच दिशेने काम करतात: तुम्ही बार ओढलेला नसतानाही काइटची मागची कड ओढलेलीच राहते. याची खूण ओळखायला सोपी आहे. हलका वारा असूनही फ्रंट लाइन्सचं माप बदलणारा ट्रिमचा पट्टा कायम ओढून ठेवल्याशिवाय काइट नीट उडत नसेल, तर ट्रिम तुमच्या लाइन्सचा बिघाड झाकतो आहे. पट्टा ओढला की फ्रंट लाइन्स आखूड होतात आणि माप तात्पुरतं जुळतं. पण मग वारा खरोखर वाढतो तेव्हा ओढायला पट्टाच उरत नाही.

हे तपासायला कुठलंही यंत्र लागत नाही. माडाच्या खोडाला किंवा फाटकाच्या खांबाला एक मजबूत दोरीचा फास घाला आणि चारही लाइन्सची टोकं त्या एकाच जागी अडकवा. ट्रिम पूर्ण सैल, म्हणजे फुल पॉवरवर ठेवा. मागे चालत जा, लाइन्स ताणा, हार्नेसला अडकवून अंगाचा थोडा भार द्या आणि बार पूर्ण आपल्याकडे ओढा. बहुतेक बारवर अशा वेळी चारही लाइन्स सारख्या ताणल्या गेल्या पाहिजेत. बार तिरका झाला तर डावी-उजवी बॅक लाइन सारखी नाही. बॅक लाइन्स तटतटून फ्रंट लाइन्सना झोळ पडला, तर वर सांगितलेला आजार. डाव्या-उजव्याचा फरक मी मुळीच चालवून घेत नाही. त्याने काइट एका बाजूला खेचत राहते आणि नवशिक्याला वाटतं आपले हातच वाकडे चालतात. पुढच्या-मागच्याचा थोडा फरक लाइनच्या टोकाच्या पिगटेलवरची, म्हणजे छोट्या जोडदोरीवरची गाठ पुढे-मागे करून काढता येतो.

त्याआधी बॅक लाइन्स रात्रभर गोड्या पाण्याच्या बादलीत भिजत घाला. साबण नको, कढत पाणी नको. सकाळी खांबाला बांधून अंगाच्या भाराने चांगल्या ताणा आणि सावलीत वाळवा. मीठ विरघळतं, थोडी वाळू सुटते, बरीचशी लांबी परत येते. एवढं करूनही शेवटच्या गाठीवर येऊन माप जुळत नसेल, तर पुढचा हंगाम त्यांच्यावर काढू नका.

आता तुटण्याबद्दल. या लाइन्स डायनिमा किंवा स्पेक्ट्रा या नावांनी मिळणाऱ्या धाग्याच्या असतात. मुळात ते पॉलिइथिलीन, दुधाच्या पिशवीच्याच कुळातलं, फक्त त्याचे रेणू फार लांब आणि धाग्याच्या दिशेने सरळ ओढलेले. म्हणून दीड-दोन मिलिमीटरची दोरी नवी असताना साधारण 200 ते 400 किलोंचा भार पेलते. ती पाणी पीत नाही, कुजत नाही, पाण्यावर तरंगते. मात्र दोन बाबतींत ती नाजूक आहे. एक म्हणजे गाठ. गाठ मारली की तिची ताकद निम्म्यावर किंवा त्याखाली येते, शिवाय धागा गुळगुळीत असल्याने गाठ सरकते. म्हणून तिची टोकं आवरण चढवून शिवलेली असतात. तुटलेली लाइन गाठ मारून परत आकाशात पाठवू नका. तसंच, लाँचच्या गडबडीत लाइनच्या मधोमध आपोआप बसलेली बारीक गाठ दिसली, तर ती सोडवल्याशिवाय पाण्यात शिरू नका. ताणाखाली घट्ट बसलेली आणि कशानेही न सुटणारी गाठ असेल, तर ती लाइन तिथेच संपली असं माना.

दुसरी नाजूक बाब उष्णता. हा धागा साधारण 150 अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतो. एवढी उष्णता यायला विस्तव लागत नाही, घर्षण पुरतं. संक्रांतीला पेच लागतो तेव्हा सरकत राहणारा मांजा कापतो आणि एका जागी घासला जाणारा कापला जातो. दोन काइट्सच्या लाइन्स एकमेकींत अडकल्या की नेमकं तेच घडतं. कधी लाइन तिथल्या तिथे तुटते. कधी तुटत नाही, नुसती भाजते. ती भाजलेली जागा जास्त वाईट, कारण त्या दिवशी सगळं ठीक वाटतं. कुणाच्या लाइनला तुमची लाइन क्षणभर जरी घासली असेल, तरी त्याच संध्याकाळी ती पूर्ण तपासा.

तपासायची ती डोळ्यांनी कमी आणि बोटांनी जास्त. लाइन धुऊन वाळवून घ्या, सावलीत बसा आणि ती अंगठा-तर्जनीच्या चिमटीतून इंचाइंचाने सरकवा. सगळीकडे सारखी, हलकी लव आलेली असेल तर घाबरू नका. वरचे काही तंतू तुटले आहेत, एवढंच. रंग फिका पडला म्हणूनही लाइन फेकू नका, तो वरचा लेप गेलेला असतो. पण एका ठिकाणी अचानक बारीक लागली, चपटी लागली, कडक आणि चकचकीत लागली, किंवा विणीतली एखादी लड बाहेर आलेली दिसली, तर विषय संपला. कापसाचा बोळा लाइनवरून फिरवलात तर जिथे तंतू तुटलेत तिथे तो अडकतो. नजर कमी झालेल्यांना ही युक्ती फार उपयोगी पडते. दोन्ही टोकांचा शेवटचा मीटरभर भाग, शिवलेलं आवरण जिथे संपतं ती जागा आणि गुंडाळताना बारच्या टोकांच्या कानांवर ज्या भागाला रोज वळण बसतं तो भाग, इथे जास्त वेळ द्या.

आणि एक गोष्ट लोक हटकून विसरतात. चार लांब लाइन्सकडे सगळ्यांचं लक्ष असतं, पण माझ्या पाहण्यात आधी जातात त्या छोट्या दोऱ्या. काइटची ओढ कमी-जास्त करणारी, बारच्या भोकातून सतत वर-खाली होणारी मधली डीपॉवर लाइन, काइटच्या टोकांचे पिगटेल, काइटच्या पुढच्या कडेला बांधलेल्या, पुलीवरून फिरणाऱ्या ब्रायडलच्या दोऱ्या. मोरजीत बार वाळूवर टाकला जातो, भोकात वाळू शिरते, आणि मग प्रत्येक वेळी बार ओढला की आतून कानस चालते. डीपॉवर लाइनवर प्लास्टिकचं आवरण असेल तर त्याला तडे गेलेत का ते बघा. ते फाटलं असेल तर आतल्या दोरीची हालत बघायची तसदीही घेऊ नका, बदलून टाका. ती स्वस्त असते आणि घरी बदलता येते.

"तुटली तर तुटली, पोहत येईन," असं म्हणणारे भेटतात, त्यांच्याशी मी भांडते. एक बॅक लाइन तुटली आणि तुम्ही बार घट्ट धरून ठेवलात, तर उरलेली बॅक लाइन काइटला एका अंगाने ओढते आणि काइट गरागरा लूप घेऊ लागते, तीही पूर्ण ताकदीने. तेव्हा पहिलं काम बार सोडणं. तरीही ती फिरत राहिली तर क्विक रिलीज, म्हणजे काइटची ओढ झटक्यात सोडवणारी कळ. फ्रंट लाइन तुटली तर गोष्ट आणखी बिकट होऊ शकते. आजच्या बहुतेक बारमध्ये रिलीज केल्यावर काइट एकाच फ्रंट लाइनवर लोंबते आणि म्हणूनच तिची ताकद जाते. नेमकी तीच लाइन तुटलेली असेल, तर ज्या दोरीच्या भरवशावर सगळी सुरक्षा उभी आहे ती जागेवरच नसते. रिलीजच्या यंत्रणेसाठी 2020 पासून आयएसओ 21853 हे मानक आहे, आणि ते असणं फार चांगलं आहे. पण रिलीज कितीही उत्तम असलं तरी त्याला धरायला शाबूत दोरी लागते. आणि हा प्रश्न तुमच्यापुरता नाही. मोरजीच्या दक्षिण टोकाला शापोरा नदीचं मुख आहे, ओहोटीला पाणी बाहेर ओढतं. किनाऱ्यावर होड्या असतात, जाळी सुकत असतात, पोरंबाळं खेळत असतात. सुटलेली काइट आणि तिच्यामागे फरफटणाऱ्या ताणलेल्या लाइन्स कुणाच्या पायात, कुणाच्या गळ्यात जातील हे तुमच्या हातात राहत नाही.

एकच लाइन बदलली तर चालेल का? नाही. नवी लाइन पहिल्या काही सेशन्समध्ये ताणली जाते, जुनी ताणून बसलेली असते, त्यामुळे दोघींचं माप जुळत नाही. लाइन्स जवळपास नव्या असतील आणि एक अपघाताने कापली गेली असेल, तर निदान जोडी बदला: दोन्ही फ्रंट, नाहीतर दोन्ही बॅक. एरवी चारही. नव्या घातल्यावर पहिल्या दोन-तीन सेशन्सनंतर खांबाची तपासणी पुन्हा करा. पुष्कळजण इथे चुकतात, नव्या आहेत म्हणून बघतच नाहीत.

जुनं सामान घेणाऱ्यांना वेगळं सांगते, कारण आपल्याकडे निम्मी सुरुवात तिथूनच होते. एप्रिल-मेमध्ये परदेशी पाहुणे सामान विकून जातात. काइट फुगवून बघा, बार बघा, सौदा करा. पण लाइन्सची किंमत शून्य धरा. त्यांचा इतिहास तुम्हाला ठाऊक नाही आणि विकणाऱ्यालाही बहुधा आठवत नाही. नव्या संचाचे पैसे त्याच दिवशी हिशोबात घाला. काइटच्या किमतीपुढे ती रक्कम लहान आहे. संच हंगामाआधीच मागवून ठेवा, कारण मोरजीत ऐन मार्चमध्ये तुमच्या बारला बसेल असा, तुमच्या लांबीचा संच शोधत फिरणं म्हणजे वाऱ्याचे दिवस वाया घालवणं. पावसाळ्यात सामान माळ्यावर टाकण्यापूर्वी गोड्या पाण्यात धुऊन, पूर्ण सुकवून ठेवा. मे महिन्यात मोटारीच्या तापलेल्या डिकीत बार दिवसेंदिवस पडू देऊ नका.

आणि काढलेल्या लाइन्सचं काय करायचं, हेही विचारा, कारण कुणी विचारत नाही. किनाऱ्यावर त्यातला वीतभर तुकडाही राहता कामा नये. ही दोरी कुजत नाही, पाण्यावर तरंगते, आणि मोरजीच्या त्याच वाळूत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. पोरांना पतंगासाठी तर अजिबात देऊ नका, ती बोटं कापते. घरी आणा, आणि सगळ्यात आधी शिवलेली दोन्ही टोकं कात्रीने उडवा, म्हणजे ती लाइन कुणी चुकूनही दुसऱ्या बारला लावणार नाही. उरलेल्याचे हातहात लांब तुकडे करा. तंबूला, रोपांना, सामान बांधायला ते वर्षानुवर्षं पुरतात.