आई, विमान आणि धपाटे

काल आईला घेऊन चिकलठाण्याहून (संभाजीनगरचं विमानतळ) दिल्लीला आलो, आईचा पहिलाच विमानप्रवास, अन् सगळ्यात जास्त वेळ गेला तो तिच्या हातातल्या पिशवीवरून. केबिन बॅग सात किलोची म्हणून दहादा सांगितलं तरी त्यात धपाटे, शेंगदाण्याची चटणी, वरून आंब्याचं लोणचं, बरणीला दोन पदरी फडकं बांधून वर सुतळीची गाठ 😄 सिक्युरिटीत ते तेल गळणारं लोणचं अडकलंच, आई त्या पोराला म्हणते "बाबा घरचं हाय, चाखून बघ". ते पोरगंही हसलं पण बरणी काही सोडली नाही. धपाटे मात्र सुटले, अन् भोपाळच्या वर कुठंतरी तेच कामाला आले.

मी शहाणा, पॉवरबँक चेक-इन बॅगेत टाकलेली, ती चालत नाही, हातातच ठेवावी लागते. काउंटरवर सगळ्यांसमोर बॅग उघडावी लागली. आईच्या गोळ्या तेवढ्या आठवणीनं पर्समध्ये होत्या, मोठी बॅग उशिरा आली असती तर बीपीची गोळी कुठून आणणार होतो.

आत एसी लई गार, शाल बरी पडली (उन्हाळ्यात शाल कामून म्हणून मीच भांडलो होतो). उतरताना कानाला दडे बसले तर आईनं कनवटीचा लवंगेचा तुकडा काढून दिला, चघळ अन् गिळत राहा म्हणे. कान सुटले की राव.