ना आजी, ना माजी

जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची आमची ओपीडी तालुक्यातल्या ग्रामीण रुग्णालयात ठरलेल्या वारी असते. मे २०२५ चा तिसरा आठवडा होता. वळीव म्हणता म्हणता पाऊस असा लागून बसला होता की जून उजाडल्यासारखं वाटत होतं. पेशंट तुरळक. साडेअकराच्या सुमारास शिरोळकडचं एक जोडपं आलं. गाव सांगत नाही, बाकीचेही दोनचार तपशील बदलले आहेत.

तो चाळिशीच्या आतबाहेर. खुर्चीत ताठ बसला, पाठ टेकलीच नाही. मी केसपेपर पुढे ओढला तर त्यानं आधी विचारलं, "मॅडम, ह्यावर काय लिवणार?"

"नाव, वय, व्यवसाय."

"व्यवसाय शेती लिवा."

बायकोनं त्याच्याकडे पाहिलं आणि सांगून टाकलं, "टीएत हायत हे."

टीए म्हणजे प्रादेशिक सेना. १९४८ च्या कायद्यानं उभी राहिलेली. एरवी आपापला कामधंदा करायचा, प्रशिक्षणाला जायचं आणि बोलावणं आलं की वर्दी चढवायची. त्याला ही मंडळी 'एम्बॉडी होणं' म्हणतात आणि परत घरी धाडलं की 'डिसएम्बॉडी'. पगार एम्बॉडी असतानाचाच. हा एरवी एका साखर कारखान्यात वजनकाट्यावर हंगामी कामाला. हंगाम संपलेला, म्हणून घरीच होता.

९ मेला बातमी आली की लष्करप्रमुखांना टीए बोलावण्याचा अधिकार दिला आहे, ३२ पैकी १४ पायदळ बटालियन घेणार. दुसऱ्याच दिवशी भारत-पाकिस्तान शस्त्रसंधी झाली. पण याची काळी ट्रंक तोवर माळ्यावरून खाली आली होती, आणि ती सोप्यात तशीच होती. झोप गेली होती.

आता माझी चूक सांगते. टीए, मागे काश्मीरला होता, झोप नाही, एवढं ऐकून माझ्या डोक्यात चित्र तयार झालं. मी अर्धा तास त्याला गोळीबार, दगडफेक, कोण जखमी झालं, कोण गेलं, हेच विचारत राहिले. तो बिचारा सगळ्याला नीट उत्तरं देत होता. खोऱ्यात रोड ओपनिंगला असायचो. सकाळी रस्ता तपासायचा, दिवसभर उभं राहायचं. भीती वाटायची, पण सगळ्यांनाच वाटायची. बडी, म्हणजे जोडीचा जवान, शेजारी असायचा. सुभेदारसाहेब रात्री फिरून 'जेवला का रे' विचारायचे. स्वप्नं पडतात का? "न्हाई." फटाक्याला दचकता का? "न्हाई ओ." शेवटी माझीच प्रश्नावली संपली.

मग बायको म्हणाली, "मॅडम, म्हशींचं सांगू का?"

"अगं..." तो म्हणाला, पण तिनं सांगितलंच. "रात्री दोनला उठत्यात. गोठ्यात जाऊन दावी सोडत्यात. दोन्ही म्हशी घेऊन माळाच्या वाटंला लागत्यात. परवा पाटलाच्या विहिरीपातूर गेलं हुतं. मी मागनं गेले तर म्हणत्यात, पाणी आलं."

खोलीत पत्र्यावरच्या पावसाचा आवाज सोडला तर काही नव्हतं.

५ ऑगस्ट २०१९. काश्मीरमध्ये मोबाईल, लँडलाइन, इंटरनेट एका रात्रीत बंद झालं. आणि त्याच आठवड्यात इकडे कृष्णा-पंचगंगा फुगली. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट, पाणी ५५ च्या वर गेलं. शिरोळची गावंच्या गावं बुडाली. आम्ही दोन्ही बातम्या वेगवेगळ्या ऐकल्या. एकाच माणसाच्या अंगावर त्या दोन्ही येऊ शकतात, हे त्या दिवसापर्यंत माझ्या मनातही आलं नव्हतं.

तो खोऱ्यात होता. लंगरच्या, म्हणजे जवानांच्या जेवणघरातल्या, टीव्हीवर त्यानं हेलिकॉप्टरमधून दिसणारा आपला तालुका पाहिला. नुसतं पाणी, वर नारळाचे शेंडे. त्यात तो आपलं घर हुडकत होता. साहेबांनी युनिटच्या लाइनवरून दोन मिनिटं बोलायला दिलं, तर इकडे बायकोचा फोन बंद. गावात लाइटच नव्हती, चार्ज कुठून होणार? नवव्या दिवशी लागला. ती तोवर जयसिंगपूरला मावशीकडे पोचली होती. दोन पोरं, सासू आणि तीन म्हशी घेऊन.

"दोन," ती मध्येच म्हणाली.

"तीन."

"दोनच पोचल्या. तिसरी वाटंतच गेली. तुम्हाला इकली म्हणून सांगितलं हुतं."

त्यावर तो काहीच बोलला नाही. बराच वेळ केसपेपरकडे बघत राहिला. मी मध्ये पडले नाही, आणि त्या दिवशी मी केलेलं बहुधा तेवढंच शहाणपणाचं काम. मग तो म्हणाला, "मला वाटलं हुतंच. पैसं कुठं गेलं म्हणून मी कधी इचारलं न्हाई."

म्हणजे याच्या आत काश्मीर नव्हतंच. जिथे तो नव्हता तो पूर होता. आणि पुन्हा बोलावणं येणार ते पावसाच्याच तोंडावर.

नियमित फौजी परत येतो तो पलटणीत. तिथे बडी असतो, डॉक्टर असतो, सगळे त्याच वाटेनं आलेले असतात. टीएवाला रायफल कोतात, म्हणजे शस्त्रागारात, जमा करतो, सह्या करतो, आणि आठवड्याभरात वजनकाट्यावर उसाच्या ट्रॉल्या मोजत असतो. पेन्शन लागलेल्या माजी सैनिकाला उपचारांसाठी ईसीएचएस या आरोग्य योजनेचं कार्ड असतं. याच्याकडे तेही नाही. "आम्ही ना आजी, ना माजी," तो हसून म्हणाला. हे वाक्य त्यानं आधीही कुठेतरी वापरलं असावं, इतकं सराईत आलं.

युनिटला कळवलंत का, असं विचारल्यावर मात्र हसू गेलं. वैद्यकीय श्रेणी शेप-वन, म्हणजे पूर्ण तंदुरुस्त, लागते, आणि त्यातला पहिला एस मनाचा. तो घसरला तर बोलावणं नाही, आणि बोलावणं नाही तर पगार नाही. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६ दिला. पुण्याच्या एएफएमसी या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात २०२३ पासून सैन्यदलांसाठी टेलिमानसचा वेगळा कक्ष आहे, तेही सांगितलं. त्यानं विचारलं, "तिथं नंबर इचारत्यात का? आर्मी नंबर?" २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं तुमची माहिती गुप्त ठेवणं आमच्यावर बंधनकारक आहे, एवढं मी खात्रीनं सांगू शकले. उद्या बोलावल्यावर तिथला डॉक्टर झोपेबद्दल विचारेल तेव्हा काय सांगायचं, याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. खोटं बोला म्हणणार नाही. पण खरं बोलणाऱ्याची रोजीरोटी जात असेल, तर त्याला नुसतं 'मोकळेपणानं बोला' म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार विचारले, दारू विचारली. दोन्ही नाही. डॉक्टरांनी तपासून झोपेसाठी थोड्या दिवसांचं औषध दिलं. त्याआधी आम्ही तिघांनी एका कोऱ्या कागदावर काम केलं. पाणी कुठवर आलं की निघायचं. म्हशी कुणाच्या टेम्पोनं, कुणाच्या गोठ्यात. पॉवर बँक कुठे ठेवायची. फोन बंद पडला तर साहेबांना निरोप कुणी द्यायचा. 'पाणी कुठवर' हे तो ठरवायला लागला तेव्हा ती म्हणाली, "ते मी ठरवणार. तुम्ही नसताय." त्यानं पेन तिच्याकडे दिलं.

व्यवसायाच्या रकान्यात मी 'शेती' लिहिलं. खोटं नव्हतं, पाऊण एकर आहे त्यांची.

जूनच्या मध्यावर तिचा फोन आला. पत्र अजून आलेलं नव्हतं, ट्रंक अजून सोप्यातच होती.

"उठायचं थांबलं का?" मी विचारलं.

"न्हाई. उठत्यात अजून. पर आता मलाबी उठवत्यात. मग दोघं गोठ्यात बसून च्या पितो."