चिवड्यातले काजू

परवा दुपारी लेकीला शाळेसाठी चार्ट पेपर हवा होता म्हणून मॉलमधल्या पुस्तकांच्या दुकानात गेलो, आणि ती चार्ट पेपर शोधत असताना मी भलत्याच कोपऱ्यात जाऊन पोचले. हल्ली परत एलपी मिळायला लागल्यात ना, तो कोपरा. समोरच काळंभोर कव्हर, त्यावर सोनेरी अक्षरं, त्यातला एक बी उलटा. अब्बा गोल्ड, म्हणजे अब्बा ह्या स्वीडिश पॉप बँडची निवडक गाजलेली गाणी. दोन रेकॉर्ड्सचा सेट, किंमत ३,९९९.

उलटून मागची यादी वाचत बसले. खरं म्हणजे वाचायची काही गरज नव्हती, १९ गाणी आहेत, डान्सिंग क्वीनला सुरू होतात आणि वॉटर्लूला संपतात, मधली सगळी क्रमाने पाठ आहेत. अथर्वशीर्षात मी अजून एका ठिकाणी अडखळते, पण इथे नाही.

घ्यावं का?

आमच्या घरी एक अल्बमवाले गृहस्थ आहेत, त्यांचं मत विचारायची सोयच नाही. ग्रेटेस्ट हिट्स म्हणजे आळशी माणसांचं संगीत, असं ते लग्नाआधीपासून म्हणतायत. कलाकाराने जो अल्बम जसा केला तसा ऐकायचा, असं कुणीतरी निवडून दिलेलं नाही. ऐकताना पटतं हो. आणि दरवेळी मला आजीचा चिवडा आठवतो.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही ठाण्याला मामाकडे असायचो. आजीचा पातळ पोह्यांचा चिवडा स्टीलच्या मोठ्या डब्यात, आणि तो डबा फडताळात वरच्या फळीवर. मी स्टुलावर चढून त्यातले फक्त काजू वेचायचे, पद्धतशीरपणे, म्हणजे वरवरचे नाही, हात तळापर्यंत घालून. एकदा पकडली गेले. आजी ओरडली नाही, नुसतं म्हणाली, "सगळे काजू तू संपव, पाहुण्यांना मी सांगते, आमच्याकडे नुसते पोहेच करतात." त्या वर्षी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला तिने खरंच तसं सांगितलं.

तर गोल्ड म्हणजे असे वेचलेले काजू. १९७४ साली ब्रायटनला युरोव्हिजन ही गाण्यांची स्पर्धा जिंकली तिथपासून १९८२मध्ये बँड थांबला तोपर्यंतचे. मधे काही वर्षं अशी गेली म्हणे की मी अब्बा ऐकतो असं सांगायची लोकांना लाज वाटायची, आणि मग १९९२ला ही सीडी निघाली आणि सगळ्यांची लाज एकदम गेली. जगभर तीन कोटींच्या वर खपली. इंग्लंडात तर खपणाऱ्या अल्बमच्या टॉप हंड्रेडमध्ये तिचे एक हजार आठवडे भरले, २०२१मध्ये, म्हणजे हिशोब केलात तर १९ वर्षं. आळशी माणसं बरीच आहेत जगात.

आमच्याकडे मात्र ती ९४ साली आली, आणि सीडी नाही, कॅसेट. दादाच्या, म्हणजे मामेभावाच्या, मित्राचे काका मस्कतला होते, सीडी त्यांची. ती घेऊन दादा स्टेशनजवळच्या रेकॉर्डिंगवाल्याकडे गेला, टीडीकेची नव्वदची कॅसेट घेतली आणि भरून आणली. पायरसी हा शब्द तेव्हा आमच्या गावी नव्हता, आम्ही त्याला भरून आणणं म्हणायचो, गॅस सिलिंडर भरून आणावा तसं. लेबलवर त्या माणसाने बॉलपेनने मराठीत लिहिलं होतं, 'आब्बा'. आजीने चष्मा लावून वाचलं आणि विचारलं, "कुणाचे रे?" दादाने चार जणांच्या नावांची पहिली अक्षरं वगैरे सांगितली, अग्नेथा, ब्यॉर्न, बेनी, अ‍ॅनी-फ्रिड. आजीला त्यात रस नव्हता. स्वीडनमध्ये ह्याच नावाची मासे डबाबंद करणारी कंपनी होती आणि ह्यांनी तिची रीतसर परवानगी घेतली होती, हे मला फार नंतर कळलं, नाहीतर आजीला ते नक्की आवडलं असतं.

चौथं गाणं लागलं, मामा मिया, आणि आई स्वयंपाकघरातून हातातलं उलथनं घेऊन बाहेर. "अगं हे तर मिल गया हमको साथी!" तिची पक्की खात्री की ह्या गोऱ्या लोकांनी आपल्या पंचमचं ढापलं. मामा मिया १९७५चं आणि आपला पिक्चर ७७चा, हे दादाने सांगून पाहिलं. आई म्हणाली, "तुला काय माहीत, तू जन्मला तरी होतास का?" ह्याला काय उत्तर.

आता नव्वदची कॅसेट म्हणजे एका बाजूला ४५ मिनिटं, रेकॉर्डिंगवाल्यांना कुठे गाणं तोडायचं ह्याचं काही पडलेलं नसायचं. पहिली दहा गाणी नीट बसायची. अकरावं चिकिटीटा, ते साडेपाच मिनिटांचं, शेवटी गाणं संपून नुसता पियानो वाजत राहतो, अगदी जत्रेतल्यासारखा, आणि त्या पियानोच्या ऐन रंगात खट्ट. टेप संपली. मग उठायचं, बाजू बदलायची, फर्नांडो. मला कितीतरी वर्षं ते गाणं तिथेच संपतं असं वाटायचं, किंबहुना काय सुंदर जागी संपवलंय असं वाटायचं. पहिल्यांदा अख्खं ऐकलं तेव्हा शप्पथ सांगते, उगाच लांबवलंय असं वाटलं.

आणि क्रम. द विनर टेक्स इट ऑल आठवं, ते ब्यॉर्न आणि अग्नेथाच्या घटस्फोटाच्या सुमाराचं, शब्द त्याचे आणि गायचं तिने, आणि ते संपलं न संपलं की नववं मनी मनी मनी. म्हणजे इकडे संसार मोडला आणि लगेच पैशाचा विषय. मला तेव्हा ह्यात काहीच वावगं वाटलं नाही, आमच्या चाळीतही हाच क्रम असायचा. आणि सगळ्यात शेवटी वॉटर्लू, म्हणजे जिथून सगळं सुरू झालं ते. आजही रेडिओवर किंवा कुणाच्या लग्नात ह्यातलं एखादं गाणं लागलं की ते संपता संपता माझ्या डोक्यात पुढचं सुरू झालेलं असतं, आणि प्रत्यक्षात भलतंच काहीतरी लागतं, पायरी आहे समजून पाय टाकावा आणि नसावी तसं होतं.

पण पोह्यांचं सांगायचं राहिलं. नोकरी लागल्यावर डोंबिवलीहून रोज सीएसटी करत होते तेव्हा एका मैत्रिणीने इयरफोनचा एक कान मला दिला, त्यात एक अब्बाचं गाणं होतं जे मी कधीच ऐकलं नव्हतं. द डे बिफोर यू केम. १९८२चं, जवळजवळ सहा मिनिटांचं, गोल्डवर नाही. त्यात काहीच होत नाही. एक बाई सकाळी निघते, ट्रेन पकडते, पेपर वाचते, ऑफिसात कागद हलवते, जेवते, घरी येऊन टीव्ही बघते, झोपते. तो कोणीतरी यायच्या आदल्या दिवशीचं हे सगळं, आणि तो आला त्यात आनंद झाला की वाट लागली, तेही ती सांगत नाही. मुंब्रा गेलं, कळवा गेलं, मी दांडीला लटकून ऐकतेय. दहा वर्षं मी काजूच खात होते आणि हे डब्यातच होतं.

त्या दिवशी रात्री दादाला फोन करून सांगितलं, हे गाणं ऐक. तो म्हणाला, ऐकतो. ऐकलं का ते मी परत विचारलं नाही. आता पुण्याला असतो तो, भेटलो की प्रॉपर्टी टॅक्सवर बोलतो आम्ही.

तर दुकानात मी हे सगळं उभ्या उभ्या करतेय तोवर लेक चार्ट पेपर घेऊन आली. म्हणाली, हे काय आहे. मी फोनवर चिकिटीटा लावलं, तिला अर्धा इयरफोन दिला. तिला आवडलं, मान डोलवायला लागली. पियानो सुरू झाला आणि माझं बोट आपोआप स्क्रीनवर गेलं, बंद.

"आई, अजून आहे ना?"

"आमच्यात एवढंच असतं," म्हटलं, आणि सेट होता तिथे ठेवून दिला. काउंटरवरच्या मुलाने विचारलं, मॅडम, घेत नाही? एकच पीस आहे. म्हटलं बघते, पुढच्या महिन्यात. आमच्याकडे रेकॉर्ड प्लेयर नाहीये हे त्याला कशाला सांगा.