अंगठेबहाद्दर

मंगळवार, रात्रीचे पावणेअकरा

आज मीटिंगमध्ये मला माझाच अंगठा दाखवण्यात आला. आम्हाला सुटे भाग करून देणाऱ्या व्हेंडरनं मोबाइल टेबलावरून माझ्याकडे सरकवला, म्हणाला, "साहेब, तुम्हीच दिलाय की!" खरंच दिला होता. गुरुवारी सकाळी ८.४१ ला, व्हॉट्सॲपवर. पिवळा, गुबगुबीत.

झालं ते जसंच्या तसं लिहून ठेवतो, नाहीतर आठवड्याभरात मीच गोष्ट माझ्या बाजूनं फिरवेन. मंडईला मेट्रोत बसलो. शिवाजीनगर सोडून गाडी जमिनीवर आली की माझ्या फोनवर साचलेले मेसेज बदाबदा पडतात. त्या दिवशी ३७ होते. दापोडी येईतो निम्मे उरकले. त्यातच ह्या व्हेंडरचा फोटो, खाली एक ओळ: 'सर बोअर २५.०४ येतोय बघा'. बोअर म्हणजे भोकाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. नाशिक फाटा आला, एका हातात डबा, दुसऱ्या हातानं अंगठा टेकवला आणि उतरलो. माझ्या लेखी त्याचा अर्थ 'पाहिलं, पोचून बोलतो'. त्याच्या लेखी 'चालेल, काढा'. पोचल्यावर ऑडिटच्या गडबडीत मी विसरलो आणि त्यानं अख्खा लॉट काढला. ८० नग.

ड्रॉइंगवर भोकाच्या मापाची सूट २५ एच७ आहे. म्हणजे २५.००० ते २५.०२१, त्यापुढे नाही. त्यात बसणारा बुश, म्हणजे छोटी नळी, पी६ सुटीचा, २५.०२२ ते २५.०३५. तो प्रेसवर दाबूनच जायला हवा. २५.०४ च्या भोकात तो बोटानं जातो. असेंब्लीतल्या पोरानं मला बोलावून दाखवलं. बुश आत सरकवला, जॉब उलटा केला, बुश टपकन त्याच्या तळहातावर. पोरगा काही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

खरं तर अशा वेळी डेव्हिएशन नोट भरायची असते. नग किती, माप काय, कशानं मोजलं, का स्वीकारायचं, खाली तीन सह्या. त्या फॉर्मला आम्ही सगळे सत्यनारायणाची पोथी म्हणतो आणि टाळता येईल तितकं टाळतो. साहेबांनी आज एवढंच विचारलं, "नोट कुठंय?" मग फोनकडे बघून म्हणाले, "डिप्लोमा करूनही अंगठेबहाद्दरच का हो!" सगळे हसले. मीही हसलो, काय करणार.

व्हॉट्सॲपला शिव्या घालायचा अधिकार मला नाही. मागच्याच महिन्यात सीएनसी मशीनचा फिरता दांडा, स्पिंडल, विचित्र आवाज करायला लागला, मी वीस सेकंदांचा व्हिडिओ टाकला आणि मेंटेनन्सवाल्यानं घरी जेवताजेवता बेअरिंग ओळखलं. ते पत्रानं कसं झालं असतं?

संध्याकाळी बाबांना सगळं सांगितलं. त्यांची नोकरी तारऑफिसच्या खिडकीवर गेली. २०१३ च्या जुलैत तार बंद झाली तेव्हा ते निवृत्त होते, तरी दोन दिवस गप्प होते. मला वाटलं म्हणतील, आमच्या वेळी लोक शब्द मोजून लिहायचे. ते वेगळंच म्हणाले. "अरे, आमच्याकडे पण नुसते आकडे जायचे. शुभेच्छांचे मजकूर ठरलेले, त्यांना नंबर. गिऱ्हाईक नंबर लिहायचं, तिकडे पूर्ण वाक्य पोचायचं. पण त्या नंबराचा अर्थ यादीत छापलेला असायचा. तुझ्या अंगठ्याची यादी कुठाय?" मग टीव्हीचा आवाज वाढवला.

जेवण झाल्यावर व्हेंडरला मेल लिहायला बसलो. पाऊण तास गेला. पहिला मसुदा नुसता राग होता, तो पुसला. दुसऱ्यात 'कशानं मोजलं' या शब्दांपाशी अडकलो, म्हणून गुरुवारचा फोटो पहिल्यांदाच मोठा करून बघितला. व्हर्निअर! ०.०२ लीस्ट काउंटचा, म्हणजे त्याहून बारीक न मोजणारा, साधा व्हर्निअर भोकात घातलाय. एच७ ची सगळी जागाच ०.०२१ आहे, त्यात व्हर्निअर काय सांगणार? म्हणजे तो २५.०४ हा आकडाही धड आकडा नव्हता. काही नग बरे असतील, काही त्याहून वाईट. पाच दिवस हा फोटो माझ्या खिशात होता.

मग मेल सरळ झाला. ८० पैकी किती मोजले, भोक मोजायच्या बोअर गेजनं मोजले का, प्रत्येक नगाचं माप क्रमांकानं लिहून द्या. मोठं झालेलं भोक लहान करता येत नाही, पण मापं कळली तर ओव्हरसाइझ बुश लेथवर टर्न करून निम्मा माल तरी वाचेल. खर्च कोणी सोसायचा ते नंतर, बसून.

आत्ता साडेदहाला उत्तर आलं, अर्थात व्हॉट्सॲपवर. त्याच्या रात्रपाळीच्या पोरानं गेज लावून सगळे ८० मोजलेत आणि शाळेच्या दुरेघी वहीत ओळीनं लिहिलेत. सुरेख अक्षर, देवनागरी आकडे. पण वहीचा फोटो ट्यूबलाइटखाली काढलेला, वर व्हॉट्सॲपनं दाबून बारीक केलेला. ४३ व्या नगापुढे शेवटचा आकडा १ आहे की ९, काही केल्या कळत नाही. खाली आणखी तीन तसेच.

उद्या मेट्रो नको. गाडी काढून आधी त्याच्या शॉपवर जातो आणि वहीच बघतो.